म्हातारा आणि जावईबापू

रविवार, ३ एप्रिल

आज ओनोरेचा चौऱ्याहत्तरावा वाढदिवस झाला आणि घरात एक जावई जास्तीचा आला.

एक जावई मला आधीच आहे. पास्काल, आमच्या एदिथचा नवरा. त्याने सासऱ्याला घड्याळ आणलं. पेटी एवढी मोठी की मला वाटलं मिक्सर आहे. ओनोरे बंदरात पाणबुड्या होता तेव्हापासून त्याच्या मनगटावर जे पाण्याखाली चालणारं घड्याळ आहे, त्याच स्विस कारखान्याचं, त्याच नावाचं, फक्त नवं कोरं. एदिथच्या डोळ्यांत पाणी आलं, पास्काल लाजला, आणि आमच्या साहेबांनी ते हातात तोलून पाहिलं आणि म्हणाले, "जड आहे." बस्स. थँक्यू नाही, काही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पास्काललाही तसा दानशूर समजायचं कारण नाही. त्याचा डोळा जुन्यावर आहे. तो असली घड्याळं जमवतो, त्यांची मासिकं वाचतो. काचेभोवतीचं काळं कडं उन्हापाण्याने विटून राखाडी झालंय, काट्यांवरचा पांढरा रंग पिवळा पडलाय, त्याला तो सौंदर्य म्हणतो. माझे पडदे असेच विटले होते तेव्हा मात्र "आता बदला की" म्हणाला होता. आता जुनं त्याच्या घरच्या तिजोरीत सुरक्षित राहील, असं त्याने दोनदा सुचवलं.

ओनोरेने त्याला बरोबर लटकवून ठेवलं. त्याने जाहीर केलं की दोन्ही घड्याळं महिनाभर नीट तपासून बघणार, आणि जे चांगलं ठरेल ते आनूकचं. आनूक म्हणजे नात, सतरा वर्षांची, हिवाळाभर तलावात बुड्या मारायला शिकली. १५ मेला आमचा बुड्या मारणाऱ्यांचा क्लब हंगाम उघडतो तेव्हा फ्रिऊल बेटांपाशी तिची समुद्रातली पहिली बुडी, वीस मीटर, आजोबाबरोबर. हे वचन ती सात वर्षांची असल्यापासूनचं आहे. त्या दिवशी तिच्या हातात कुठलं घड्याळ असेल ते ठरणार म्हणे. शिवाय क्लबच्या अध्यक्षाने, गास्तोंने, जेवणानंतर जुन्या-नव्याची तुलना करून दोन शब्द बोलायला सांगितलंय. म्हणजे आता महिनाभर घरात हाच विषय. देव माझं रक्षण करो.

मी त्यांची नावं ठेवून टाकली. जुनं तो म्हातारा आणि नवं ते जावईबापू.


मंगळवार, ५ एप्रिल

दोन मनगटांवर दोन घड्याळं बांधून हा माणूस पाव आणायला गेला. पाववालीने विचारलं, "काय ओनोरे, एक आपल्यासाठी आणि एक बायकोसाठी का?" आमच्या लेस्ताक वस्तीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं.

भाषणाची तयारी सुरू झाली. बोलणार तो, लिहिणार मी. मी म्हटलं तुझे हात मोडलेत का. तर म्हणे विचार करताना लिहायला जमत नाही. बंदरात चाळीस वर्षं रोजचा अहवाल कोण लिहीत होतं मग?

आजचा मुद्दा काच. म्हाताऱ्याची काच प्लास्टिकची, फुगीर, पटकन ओरखडे पडतात, पण टूथपेस्टने घासली की जातात. जावईबापूंची काच नीलमाची, तिच्यावर चाकू चालवला तरी ओरखडा नाही. मग जावईबापू जिंकले ना, मी विचारलं. तर नाही. "ओरखडा पडला की कळतं तरी कुठे आपटलं," असं म्हणाला. तेही लिहून घे म्हणाला. लिहिलं.


शुक्रवार, ८ एप्रिल

आज मी नवऱ्याबरोबर कोटांच्या कपाटात उभी होते. वय वर्षं एकाहत्तर.

अंधारात कोण किती उजळतं त्याची परीक्षा होती. म्हातारा ठार काळा. त्याच्यातला उजेड कधीचाच मेला. जावईबापू मात्र असे निळे पेटले की त्या उजेडात मला माझ्या हरवलेल्या छत्रीची मूठ दिसली. ओनोरे पुन्हापुन्हा विचारत होता, काटे दिसतात का, आकड्यांच्या जागच्या खुणा वेगवेगळ्या दिसतात का.

"दिसतात की. तुला नाही का दिसत?"

"मला तुझं मत हवंय. साधारण डोळ्याचं."

साधारण डोळा म्हणजे काय ते मी विचारणार, तेवढ्यात दार उघडं बघून शेजारच्या मादाम रूबो हाका मारत आत आल्या आणि आम्ही दोघं कपाटातून बाहेर पडलो. साखर मागायला आल्या होत्या, ती न घेताच गेल्या.


बुधवार, १३ एप्रिल

मादाम रूबोंशी आता खरंच बिनसलं. बाजारात त्या समोरून आल्या, टोपली घेऊन, ओनोरेच्या नाकासमोर उभ्या राहून हसल्या, आणि हा सरळ पुढे गेला. दगडाला वळसा घालावा तसा. त्यांनी मला विचारलं, आमचं काही चुकलं का? घरी आल्यावर मी म्हटलं डोळे फुटले का तुझे, तर म्हणतो उन्हात होतो, लक्ष नव्हतं.

लक्ष नसतं हे खरं आहे. हिवाळ्यापासून माझ्याशी बोलतानाही तो माझ्याकडे बघत नाही. कोंबडीसारखी मान तिरकी करून माझ्या कानाकडे बघतो. मी दोनदा कानातलं बदललं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली की बायकोचं तोंड बघवत नसेल. पण मग मी त्याचं बघते ते कसं?

काल पेपरही बंद केला. बातम्या त्याच त्याच असतात म्हणे. रेडिओवर काय वेगळ्या असतात?


सोमवार, १८ एप्रिल

माशांच्या सूपच्या पातेल्यात पाणी भरून दोन्ही घड्याळं बुडवून ठेवलेली. सूप पाकिटातलं केलं.


गुरुवार, २१ एप्रिल

आज कड्याचा दिवस. आनूक आली होती, म्हणून मुद्दाम.

कडं म्हणजे काचेभोवतीची फिरती कड. खाली उतरताना ते फिरवून त्याच्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. मग काटा पुढे सरकतो आणि खाली जाऊन किती मिनिटं झाली ते कड्यावर वाचता येतं. म्हाताऱ्याचं कडं दोन्ही बाजूंना फिरतं, लोण्यातून फिरावं तसं. जावईबापूंचं एकाच बाजूला, आणि तेही कट कट आवाज करत. हे त्याने आनूकला अर्धा तास समजावलं. तिला ते आधीपासून माहीत होतं, पण गुणी पोर, ऐकून घेतलं.

मग त्याच्या पाणबुड्या टोळीची रीत निघाली. बंदरातले हे लोक स्वतःचं कडं स्वतः लावत नसत. जोडीदार लावायचा. म्हणजे एका घड्याळावर दोघांची नजर पडते. ओनोरेचं कडं कायम बातिस्तने लावलं आणि बातिस्तचं ओनोरेने. बातिस्त जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर आपलं कडं कुणी लावलेलं नाही, असं हा आज सहज म्हणाला. मला ते माहीत नव्हतं. मला वाटायचं तो क्लबमध्ये गेला की कुणीतरी लावत असेल. त्याच्यानंतर हा पाण्यात उतरलाच किती म्हणा.

आनूकने त्याचं लावलं. मग तिने मनगट पुढे केलं, जावईबापू चढवलेलं, आणि याने तिचं लावलं. ती बघते तर खूण मिनिटकाट्यावर नाहीच, तासकाट्यावर.

"आजोबा, फसवतोस काय मला?"

"बघत होतो जागी आहेस का ते."

नव्या पोराचं कडं मुद्दाम चुकीचं लावून त्याला तपासायचं, हीसुद्धा त्यांची जुनी खोड. दोघं खूप हसले. मी मात्र दोन तास कांदे परतत उभी होते आणि पानिस गार होत होती. हरभऱ्याच्या पिठाची पानिस गार झाली की चपलेचा तळवा होतो. पण इथे जेवणाचं कुणाला पडलंय?


सोमवार, २५ एप्रिल

आज शंका आली आणि ती लिहून ठेवते.

सकाळी न सांगता बसने शहरात गेला. गाडी दारात उभी. गाडी तो फेब्रुवारीपासून काढत नाही, चालणं चांगलं म्हणतो. दुपारी परत आला तर डोळ्यांवर काळा चष्मा. बाहेर आभाळ भरलेलं, गार वारा सुटलेला, आणि हा सिनेमातला गुंड. कुठे गेला होतास विचारलं तर म्हणाला, पाय मोकळे करायला. शहरात? पाय इथे मोकळे होत नाहीत?

मला वाटतं पास्कालने त्याला एखाद्या घड्याळांच्या दुकानात नेलं असणार. म्हाताऱ्याचा सौदा चाललाय आणि मला पत्ता नाही. पास्कालला फोन केला, तो म्हणाला मी कामावर होतो. तो खोटं बोलायला फार हुशार नाही, तेव्हा कदाचित खरंच असेल.

संध्याकाळभर ओनोरे पडदे ओढून रेडिओ ऐकत बसला. कॉफी ओतताना कपाच्या बाहेर ओतली. मी पुन्हा विचारलं डोळे फुटले का. तो पुसायला उठला आणि जिथे सांडलं होतं तिथे सोडून दुसरीकडे पुसलं. मुद्दाम. मला चिडवायला.


शुक्रवार, २९ एप्रिल

क्लबच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली, दोनदा खोकायला सांगितलं, बोकडासारखा तंदुरुस्त आहेस म्हणाले आणि शिक्का मारून दिला. एका गोष्टीची तरी काळजी मिटली.


रविवार, १ मे

दर १ मेला तो मला मुगेची डहाळी आणतो. पांढऱ्या घंटांसारखी फुलं. लग्नाच्या आदल्या वर्षापासून एकदाही चुकलेला नाही, तंगडी मोडून दवाखान्यात होता तेव्हासुद्धा नर्सकडून पाठवली होती. या वर्षी प्लास्टिकची आणली.

मी हातात घेतली. मला खूप वाईट वाटलं. तो म्हणाला, "वास येत नव्हता तेव्हाच शंका आली होती." शंका आली होती तर घेतलीस कशाला? फुलदाणीत पाणी न घालता ठेवून दिली.

जेवायला सगळे होते. पास्काल म्हणाला, हल्ली मनगटावरचा छोटा संगणक खोली, वेळ, सगळं आकड्यांत सांगतो, क्लब तो उसना देतो, आनूकबरोबर उतरताना तोच बांधा, घड्याळं काय, शोभेची. ओनोरे भडकला. बारक्या आकड्यांच्या डबड्यावर माझी नात सोडणार नाही म्हणाला. पास्काल म्हणाला, बाबा, तो सगळेच वापरतात. ओनोरे म्हणाला, सगळ्यांना सांग माझ्याआधी बुडायला. मी मध्ये पडून कोंबडी वाढली.

नंतर पुन्हा कड्याची उजळणी. पुन्हा याने आनूकचं कडं चुकीचं लावलं. या वेळी तासकाट्यावरही नव्हतं, कशावरच नव्हतं. "जागी आहेस का बघत होतो," तेच वाक्य. आनूक या वेळी हसली नाही. तिने गुपचूप नीट केलं आणि माझ्याबरोबर भांडी पुसायला आली.

भांडी पुसता पुसता विचारते, "आजी, आजोबा हल्ली पेपर कुठला वाचतो?"

मी म्हटलं वाचतोय कुठला, बंद केलाय, आणि मग जे तोंड सुटलं माझं ते सुटलंच. पेपर, गाडी, मादाम रूबो, लोखंडी गोळ्यांचा खेळ सोडला तो, एका पायात निळा आणि एका पायात काळा मोजा घालून चर्चमध्ये आला तो. एकच ताट पोरीने किती वेळ पुसलं.


शनिवार, ७ मे

आज वजन आणि पट्टा. म्हाताऱ्याचा पट्टा पोकळ, खुळखुळतो, मनगटावरचे केस ओढतो. जावईबापूंचा भरीव, सुबक, आणि एवढा जड की ओनोरेचा डावा खांदा खाली गेलाय. दोन्हींना मी आलटून पालटून घालून घरकाम करायचं असा हुकूम झाला. मी जावईबापू घालून फरशी पुसली. एक सांगते, छान दिसतं. म्हातारा किल्ली न देताही हातात घातला की चालतो, पण दोन दिवस काढून ठेवला की रुसतो. कुणासारखं ते लिहायची गरज नाही.

मी विचारलं ठरलं का मग. तो म्हणाला, सगळं तुझ्या अक्षरात आहे, फक्त शेवटचं वाक्य राहिलंय. सांग, लिहून टाकते, म्हटलं. म्हणाला अजून सुचलं नाही.

दिवसातून दहा वेळा विचारतो, "सोलांज, किती वाजले?" दोन्ही हातांत घड्याळं. मी आज उत्तरच दिलं नाही.


शनिवार, १४ मे

आनूकचा फोन आला. माझ्याशी बोलली नाही, आजोबाला दे म्हणाली. तो बाहेर गच्चीवर जाऊन बोलला. बोलला कमी, ऐकलं जास्त. आत आल्यावर मी विचारलं काय म्हणत होती. "घाबरलीय थोडी," म्हणाला.

जेवला नाही. मी उद्यासाठी खारवलेला कॉड मासा भिजत घातलाय, क्लबच्या आयोलीला, त्या लसणीच्या चटणीच्या जेवणाला, बटाटे उकडून न्यायचेत, आणि याला आज भूक नाही. आग्रह केला नाही. सगळा जीव घड्याळात.


रविवार, १५ मे

कुठून सुरू करू?

होडीवर आम्ही नऊ जण होतो. मी मागच्या फळीवर, बटाट्यांचं पातेलं मांडीवर. समुद्र तेलासारखा शांत. ओनोरेने रबरी पोशाख चढवला, पोट अडकलं, गास्तोंने चेन ओढून दिली. आनूक सगळ्यांत आधी तयार. तिच्या हातात जावईबापू, याच्या हातात म्हातारा.

बेटापाशी नांगर टाकला. दोघं काठावर बसले, पाठ पाण्याकडे. आनूकने म्हाताऱ्याचं कडं लावलं, एका झटक्यात. मग तिने मनगट पुढे केलं. ओनोरेने कडं फिरवायला सुरुवात केली. कट कट कट. थांबला. ती म्हणाली, "आजोबा, परत लाव." ते कडं मागे येत नाही, म्हणून अख्खा फेरा घ्यावा लागतो. कट कट कट, सगळा वळसा. पुन्हा थांबला, पुन्हा चुकलं. ती पुन्हा म्हणाली, परत लाव. आवाज अगदी शांत. खोड्या काढायची ही वेळ आहे का? होडीवरचे सगळे ताटकळले होते. तिसऱ्यांदा कट कट सुरू झालं आणि माझं डोकं फिरलं.

मी सगळ्यांदेखत ओरडले, "डोळे फुटलेत का तुझे, ओनोरे?"

तो म्हणाला, "हो."

एवढंच. माझ्याकडे वळून म्हणाला, माझ्या कानाकडे बघत.

आनूक रडायला लागली होती. तिला माहीत होतं. काल फोनवर तिने त्याला सांगितलं होतं की तू स्वतः सांगितलं नाहीस तरी मी कुणाला सांगणार नाही, पण माझं कडं तुला लावता आलं तरच मी तुझ्याबरोबर उतरेन, रीत तुझीच आहे. सतरा वर्षांची पोर. आणि मी महिनाभर काय लिहीत बसले होते?

त्याने स्वतःच पट्टे सोडले, पाठीवरचं हवेचं नळकांडं उतरवलं. पोशाख चढवून बसलेल्या गास्तोंला म्हणाला, तू जा हिच्याबरोबर. मग तिचं मनगट धरून माझ्यासमोर आणलं आणि म्हणाला, "सोलांज, तू लाव." माझे हात बटाट्यांनी चिकट होते. मी फिरवलं. कट कट. खूण काट्यासमोर आली. आनूकने माझ्या गालाला गाल लावला, ओला रबर आणि मीठ, आणि ती आणि गास्तों मागे झुकून पाण्यात गेले.

मग मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही. पोरीला घेऊन वीस मीटर खाली जाणार होतास तू, आंधळा, हे निदान तीनदा बोलले. होडीवरचे सगळे बेटाकडे बघत होते. तो म्हणाला, बंदराच्या गाळात कधीच काही दिसत नव्हतं, चाळीस वर्षं हातांनीच काम केलं, वाटलं एक बुडी निभेल, वचन दिलं होतं. मी म्हटलं मला का नाही सांगितलंस. त्याने उलट विचारलं, "किती मिनिटं झाली?"

मी त्याचं मनगट ओढून घेतलं आणि वाचलं. अकरा. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा वाचलं. मग मी न विचारताच सांगायला लागले. ती वर येईपर्यंत सांगत होते. बुडबुडे फुटले, डोकं वर आलं, तोंडातली नळी काढून पोरगी ओरडली की ऑक्टोपस बघितला. तेव्हा त्याने श्वास सोडला, आणि मीही.

आयोलीनंतर त्याने भाषण केलं. माझा कागद खिशातच राहिला, त्याचा त्याला काय उपयोग होता? काच, उजेड, पट्टा, सगळं पाठ होतं. शेवटी म्हणाला की म्हातारा देखणा आहे, माझा आहे, पण त्याचं कडं दोन्हीकडे फिरतं. खडकाला घासलं आणि भलतीकडे सरकलं तर तो सांगतो अजून वेळ आहे, आणि खाली थांबलेला माणूस ते खरं मानतो, कारण त्याला तेच ऐकायचं असतं. जावईबापूंचं कडं एकाच बाजूला फिरतं. ते चुकलं तरी एवढंच सांगतं की वेळ संपली, वर ये. "म्हणून ते आनूकचं," म्हणाला आणि बसला. टाळ्या वाजल्या. पास्कालही टाळ्या वाजवत होता. त्याने नंतर म्हाताऱ्याचा विषय काढला नाही, हे त्याच्या नावावर जमा करते.


मंगळवार, १७ मे

शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो, या वेळी दोघं. तिथली नर्स त्याला नावाने ओळखते. जानेवारीपासून येतोय. डोळ्यांत औषध घातलं की उजेड सोसत नाही, म्हणून तो काळा चष्मा. आणि मी पास्कालला फोन करून छळत होते.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. नजरेच्या मधोमध डाग आहे. जिथे बघावं तेच नाहीसं होतं, कडेकडेचं मात्र दिसतं. सुया देऊन आहे ते टिकवता येईल, गेलेलं येणार नाही. मी विचारलं, हा माझ्या कानाकडे का बघतो? त्या हसल्या. म्हणाल्या, सगळे शिकतात हळूहळू. सरळ बघितलं तर तुमचा चेहरा त्यांना दिसत नाही. जरा बाजूला बघितलं की दिसतो.

माझं तोंड दिसावं म्हणून बघत होता तो. हिवाळ्यापासून. आणि मी कानातली बदलत होते.

मादाम रूबोंना साखर नेऊन दिली. एक किलो.


शनिवार, २१ मे

माणूस मात्र सुधारलेला नाही. आता लपवायचं काही उरलं नाही म्हणून उलट जास्त हट्टी झालाय. सकाळी म्हणाला धक्क्यापर्यंत एकटा जाऊन येतो, रस्ता पायांना पाठ आहे. मी म्हटलं मीही येते. नको. काठी घे. नको. मग निदान फोन घे. तो घरीच विसरला, तो समोर टेबलावर पडलाय.

दारात थांबून त्याने मनगट पुढे केलं. मला आधी कळेना काय हवंय. म्हातारा होता हातात, टूथपेस्टने घासून लख्ख केलेला. "लाव," म्हणाला. त्याला ते कडं दिसणार नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं.

बातिस्तनंतर त्याचं कडं लावणारी आनूक, आणि तिच्यानंतर मी. अठ्ठेचाळीस वर्षांत त्याने मला ते कधी करू दिलं नव्हतं. कडं खरंच लोण्यासारखं फिरतं. खूण काट्यासमोर आणली आणि त्याला बजावलं, अर्धा तास. एक मिनिट जास्त नाही. म्हाताऱ्यावर माझा भरवसा नाही, भाषणात तूच सांगितलंयस. तो माझ्या कानाकडे बघून हसला आणि गेला.

स्वयंपाकघरातल्या घड्याळात बघून लिहितेय. चौतीस मिनिटं झाली. सांगितलेलं एक ऐकेल तर शपथ.

जाते आणायला.